चौकोनी कंसांतले दिवस

डॉक्टरीण काय करते, शिक्षिका काय करते, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. माझा व्यवसाय मात्र असा आहे की, लग्नकार्यात ओळख करून देताना घरची मंडळीही अडखळतात. “ही टेलिफोनचं काहीतरी करते, परदेशात जाते,” एवढ्यावर वेळ मारून नेतात! ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे दिवाळीच्या निमित्ताने सांगावे असे मनात आले. विशेषतः ज्या घरांत हुशार मुली आहेत, त्या घरांसाठी.

परदेशातल्या मुलाशी तुम्ही बोलता, तेव्हा तो आवाज अनेक कंपन्यांच्या तारांतून आणि समुद्राखालच्या केबलींतून येतो. कोणी कोणाला किती पैसे द्यायचे, कोणत्या लहरी कोणी वापरायच्या, हे कुठेतरी, कुणीतरी बसून ठरवलेले असते. ही रीत जुनी आहे. तारायंत्राच्या काळी, १८६५ साली, वीस राष्ट्रांनी पॅरिसमध्ये करार करून एक संघ स्थापन केला. हिंदुस्थान १८६९ पासून त्यात आहे. आज तोच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. कचेरी जिनिव्हाला, सभासद राष्ट्रे १९४. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणारी ‘आयकॅन’ ही संस्था निराळी. ती १९९८ साली कॅलिफोर्नियात निघाली. अशा ठिकाणी जाणाऱ्या सरकारांना आणि कंपन्यांना हिशेब मांडून देणारी, मसुदा तपासणारी माणसे लागतात. मी त्यांपैकी एक.

मी पुण्याची अभियांत्रिकीची पदवीधर. १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगमाने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण आले. यंत्रही कळते आणि दरपत्रकही कळते, अशा माणसांची निकड भासू लागली आणि मी त्या वाटेने शिरले.

जिनिव्हा म्हटले की लोकांना सरोवर आणि बर्फाचे डोंगर आठवतात. मला आठवतात ते चौकोनी कंस! ज्या शब्दांवर एकमत होत नाही, ते मसुद्यात चौकोनी कंसात घालतात. ‘राष्ट्रांनी करावे’ की ‘राष्ट्रांना करता येईल’, एवढ्यावर रात्रीचे दोन वाजतात. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. परंतु ‘करावे’ म्हटले की ते बंधन झाले, आणि ‘करता येईल’ म्हटले की पळवाट. कंस सुटला की माझे काम झाले.

आता पैशांचे पाहा. तुमचा फोन एका कंपनीचा, वन्संचा दुसरीचा. तुम्ही त्यांना फोन केलात की तुमच्या कंपनीने त्यांच्या कंपनीला काही रक्कम द्यायची, असा आपल्याकडे नियम होता. २०१५ पासून ती मिनिटाला १४ पैसे होती, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाली आणि १ जानेवारी २०२१ ला शून्यावर आली. चौदा पैशांना आज वाणी विचारणार नाही. पण कोट्यवधी मिनिटांनी गुणा, म्हणजे एवढ्याशा आकड्यासाठी कंपन्या का भांडतात ते कळेल!

याच आकड्यांनी माझी परीक्षा घेतली. परदेशातल्या एका कंपनीला असाच दर चढा ठेवायचा होता आणि त्याला पुष्टी देणारा अहवाल माझ्याकडून हवा होता. माझा हिशेब निम्म्यावर येऊन थांबला. “आकडे जरा मऊ करा,” असे सुचवण्यात आले. मी नाही म्हटले. शेवटचा हप्ता बुडाला आणि पुढे नऊ महिने काम नव्हते. सल्लागाराला पगार नसतो, पेन्शन नसते. मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर आलेली. माझी घालमेल पाहून हे एवढेच म्हणाले, “एकदा नाव विकलंस, तर उद्या विकायला काय उरेल?” त्या वर्षी घरात नवे काही आले नाही, पण पुढची कामे आली ती त्या नकारामुळेच.

या जगात आपल्या मराठीचाही प्रश्न निघतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा. संगणकावर हा दुसरा ‘र’ पुष्कळदा एका अदृश्य चिन्हाच्या साहाय्याने उमटवला जातो. इंटरनेटच्या पत्त्याच्या शेवटच्या भागात (जसे २०१४ साली सुरू झालेले ‘.भारत’) फसवणुकीच्या भीतीने अदृश्य चिन्हे चालत नाहीत. मग कऱ्हाडकरांनी काय करावे? भाषातज्ज्ञांनी नुक्ता असलेल्या ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराचा मार्ग काढला आणि २०१९ च्या देवनागरी नियमावलीत त्याला जागा मिळाली. तिथे मराठी जाणणारे कुणी नसते, तर आपल्या दऱ्यांचा दर्या झाला असता!

म्हणूनच त्या खुर्च्यांवर कोण बसते, याला महत्त्व आहे. दूरसंचार संघाच्या सर्वोच्च पदावर पहिली स्त्री, डोरीन बॉगडन-मार्टिन, निवडून आली ती २०२२ साली. म्हणजे स्थापनेनंतर १५७ वर्षांनी! संघाच्याच २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगातले ७० टक्के पुरुष इंटरनेट वापरत होते, स्त्रिया ६५ टक्के. घरात एकच फोन असला तर तो कुणाच्या खिशात असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नियम करताना हा प्रश्न विचारणारी बाई तिथे असली, तरच तो निघतो.

या कामाला अभियांत्रिकी चालते, कायदा चालतो, अर्थशास्त्रही चालते. फ्रेंच आले तर दुधात साखर. प्रवास फार, आणि घरची साथ नसेल तर निभाव कठीण. माझ्या सासूबाईंनी माझी मुलगी सांभाळली नसती, तर मी मुंबईचा विमानतळही ओलांडला नसता. तेव्हा तुमच्या घरातली एखादी मुलगी एकेका शब्दासाठी हुज्जत घालत असेल, तर तिच्यावर रागावू नका. अशा मुलींची तिथे गरज आहे.