आपणच आपले आप्त कसे होणार?

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोगज्ञानाची तीन साधने सांगताना आप्तोपदेशाला पहिले स्थान दिले आहे. रज आणि तम या दोषांपासून मुक्त असल्यामुळे ज्याचे वचन निःशंकपणे स्वीकारता येते, तो आप्त. पदवी अभ्यासक्रमात हा विषय आपण सर्वांनीच पाठ केला. त्याचा खरा अर्थ आम्हाला मात्र वीस वर्षांच्या व्यवसायानंतर, ऑनलाइन ज्ञानकोशातील एका पानामुळे उमगला.

आम्ही भोर येथे चिकित्सालय चालवतो आणि आठवड्यातून एक दिवस वेल्ह्यास रुग्ण तपासतो. काही वर्षांपूर्वी, कोणासही लेखन करता येते अशा एका ज्ञानकोशात आम्ही स्वतःच्याच नावाचे पान तयार केले. 'प्रसिद्ध वैद्य', 'मधुमेहावर यशस्वी उपचार' अशी वाक्ये तृतीयपुरुषी लिहिली. हे लेखन आमचेच आहे, हे कोठेही नोंदवले नाही.

महिनाभरात वेल्ह्याकडील एका वाडीवरचे वृद्ध गृहस्थ मुलासह आले. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने ते पान वाचले होते. ज्ञानकोशात आहे म्हणजे कोणा तटस्थ जाणकाराने लिहिले असणार, अशी त्याची समजूत. त्या भरवशावर वडिलांच्या साखरेच्या गोळ्या आठ दिवस आधीच बंद केल्या होत्या. रक्तशर्करा 400 च्या वर गेलेली. आम्ही त्यांना तत्काळ त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि सुदैवाने प्रकृती सावरली. पुढच्या भेटीत मुलाने सहज विचारले, "ते पान कोणी लिहिलंय हो?" उत्तर देताना आमची मान खाली गेली. त्याच आठवड्यात आम्ही ते पान काढून टाकण्याची विनंती केली.

ग्रंथांची साक्ष

ज्ञानी असूनही वैद्याने स्वतःच्या ज्ञानाची फार बढाई मारू नये, कारण आप्तानेही बढाई मारली तर लोक उबगतात, असा उपदेश विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात आहे. सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात 'रोगाभिसर' भिषकाचे वर्णन येते. कोणी आजारी असल्याचे कळताच तो तेथे धावतो आणि रुग्णाच्या कानी पडेल अशा रीतीने आपले गुण सांगतो. आमच्या पानाने याहून वेगळे काय केले?

ज्ञानकोशाची शिस्त

भोरहून मांढरदेवीच्या घाटाने वाईस जाता येते. तेथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश घडला. त्याचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. त्या पद्धतीत नोंद तज्ज्ञ लिहितो आणि संपादक तपासतो. 2001 मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियात आणि 2003 पासूनच्या त्याच्या मराठी आवृत्तीत लेखक कोणीही असू शकतो. म्हणून तेथे विश्वासाचा आधार लेखकाची पदवी हा नसून त्रयस्थ, प्रकाशित संदर्भ हा आहे. स्वतःविषयी लिहू नये, असे तेथील संकेत आग्रहाने सांगतात. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करणे 2014 पासून बंधनकारक आहे. संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःच्याच चरित्रात फेरफार केल्याचे 2005 मध्ये उघड झाले, तेव्हा त्यांनाही खेद व्यक्त करावा लागला.

आपल्या शास्त्रालाही हा प्रश्न भिडला आहे. विकिपीडियावरील आयुर्वेदाच्या लेखात त्यास छद्मविज्ञान म्हटल्याबद्दल आयुर्वेदिक औषधनिर्मात्यांच्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाने याचिका विचारात घेण्यास नकार दिला. लेखात बदल करता येतो, असेही सुनावणीत सुचवले. त्या लेखाने आम्हासही वेदना होतात. परंतु बदल करता येतो म्हणून तो कोणी आणि कसा करावा, हा प्रश्न संपत नाही. ज्याचे औषध विकले जाणार, त्याने नाव लपवून केलेली दुरुस्ती शास्त्राची बाजू दुबळीच करते.

आपण काय करावे?

1. स्वतःचे, आपल्या चिकित्सालयाचे वा औषधालयाचे पान स्वतः लिहू नये; पैसे देऊनही लिहवून घेऊ नये.

2. आपल्याविषयी चुकीची माहिती आढळल्यास चर्चापानावर आपली ओळख सांगून, पुराव्यासह दुरुस्ती सुचवावी.

3. मधुमेहासह अनेक रोगांवरील औषधांच्या जाहिरातींवर 1954 च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निर्बंध आहेत. ज्ञानकोशाचा वेष घेतल्याने जाहिरातीचे स्वरूप बदलत नाही.

4. लिहायचेच असेल तर ज्यात आपला लाभ नाही ते लिहावे. आपल्या डोंगरांतील हिरडा, बेहडा, करवंद यांची स्थानिक नावे, फुलण्या-फळण्याचे काळ आणि ग्रंथोक्त संदर्भ यांची नोंद प्रकाशित आधारांसह करणे, ही खरी सेवा ठरेल.

वैद्यबंधुभगिनींनो, रुग्ण आपल्या शब्दावर देह सोपवतो. तो शब्द कोणाचा आहे, हे जाणण्याचा त्याला अधिकार आहे. आमच्याविषयी काही लिहिण्याजोगे असेल तर ते दुसरे कोणी लिहील. न लिहिले, तरी वेल्ह्याचा आठवडी फेरा चुकणार नाही.