काळ्या दगडाला तीन करडे मार्कर

"मॅडम, किती रंगांचा सेट घेऊ? साठचा की एकशेवीसचा?" जून महिना लागला की पालकांचा हा प्रश्न येतोच. मी बदलापूरला चित्रकलेचा वर्ग घेते. माझं उत्तर दरवर्षी तेच असतं: आकडा राहू द्या, आत शाई कोणती आहे ते आधी बघा.

शाईतला रंग दोन प्रकारचा असतो. डाय म्हणजे पूर्ण विरघळलेला रंग, आणि पिगमेंट म्हणजे न विरघळता शाईत तरंगणारे बारीक कण. डाय कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो, पसरतो आणि उन्हात लवकर विटतो. पिगमेंट कागदाला धरून बसतं; वाळल्यावर त्यावर पाणी फिरवलं तरी हलत नाही. मुलांचे स्केच पेन म्हणजे पाण्यातला डाय. कॉमिक्सवाल्यांचे अल्कोहोल मार्कर म्हणजे अल्कोहोलमधला डाय. बारीक रेघेचे चांगले फाइनलायनर मात्र पिगमेंटचे. जपानच्या साकुरा कंपनीने 1982 मध्ये पिगमा शाई काढली, तिथून हे पेन सगळीकडे पोचले. पेनांवरचे आकडे फसवे असतात. साकुराच्याच मायक्रॉन पेनावर 01 लिहिलेलं असलं तरी रेघ पाव मिलिमीटरची, म्हणजे 0.25 ची येते आणि 05 ची 0.45 ची.

आता एवढं सामान लागतं कशाला? रविवारी सकाळी मी मुलांना अंबरनाथच्या शिवमंदिरात बसवते. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060 आहे. राजा शिलाहार मुम्मुणी. 1868 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनी शाळेच्याच टेरीसाहेबांच्या देखरेखीखाली इथे मुक्काम टाकून कोरीवकामाची रेखाटनं केली, साचे घेतले. त्या देवळाचा दगड काळा बेसॉल्ट. समोर बसलं की कळतं, इथे गुलाबी-जांभळ्या ऐंशी छटांना काही काम नाही. उन्हातला दगड, सावलीतला दगड आणि मूर्तींमागच्या खोबणीतला काळोख, हे तीन करडे रंग जमले की देऊळ उभं राहतं. हलका करडा आधी सगळीकडे फिरवायचा. वाळला की तोच पुन्हा सावलीवर, म्हणजे छटा आपोआप गडद होते. मधला मग, आणि सर्वांत गडद अगदी शेवटी, हात राखून. करडे घेताना मात्र सगळे एकाच घराण्यातले घ्या: वॉर्म तर तिन्ही वॉर्म, कूल तर तिन्ही कूल. मिसळले की दगडाला चिखलाचा रंग येतो. मी कूल घेते, कारण पावसात भिजलेलं देऊळ मला उन्हातल्यापेक्षा जास्त आवडतं.

क्रमही महत्त्वाचा. पेन्सिल, मग पिगमेंट पेन, मग चांगलं वाळू देणं, मग हलक्या हाताने खोडरबर, आणि मार्कर सर्वांत शेवटी. घाई केली की काळी रेघ ओली असतानाच मार्कर तिला ओढत नेतो आणि हलक्या मार्करचं टोकही काळं होतं. तसं झालं तर घाबरू नका. रद्दी कागदावर स्वच्छ रंग येईपर्यंत रेघोट्या मारा, मळ निघून जातो. तेलकट खडूवर किंवा मेणाच्या रंगीत पेन्सिलीवर फाइनलायनर चालवू नका, टोक कायमचं बुजतं. आणि बॉलपेनसारखं दाबू नका. फाइनलायनरचं टोक नाजूक असतं, ते दबून पत्र्याच्या नळीत बसलं की पुन्हा बाहेर येत नाही.

उल्हासनगरच्या बाजारात हे सगळं स्वस्त मिळतं. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद माझ्या आईच्या वेळेपासून चालत आलाय, पण तिथले दुकानदार माल दाखवायला कंटाळत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. जाताना स्वतःच्या वहीचा एक कागद न्या. "भाईसाब, जरा खोलके देखती हूँ" म्हणा आणि त्या कागदावर रेघ मारा. टोपण लावताना 'टक' आवाज आला पाहिजे. मागची बाजू बघा: पानाआड थोडी शाई झिरपणारच, पण रेघेच्या कडा फुटल्या तर कागद चुकलाय किंवा शाई. नवशिक्याला स्वस्त सेट चालतो. फक्त त्यांना बहुधा रिफिल नसतं आणि टोकही बदलता येत नाही. जपानी कॉपिक 1987 मध्ये आले ते या दोन्ही सोयींसह, म्हणून महाग वाटले तरी वर्षानुवर्षं टिकतात. एकशेवीस फेकण्याजोग्या मार्करांपेक्षा तीन भरता येणारे परवडतात, हे माझं ठाम मत.

जपणुकीत आपल्या भागाची हवा मधे येते. बदलापूरचा पाऊस कागदाला दमट करतो, मग त्याच वहीवर मे महिन्यात नीट चालणाऱ्या पेनाची रेघ जुलैत फुटते. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. उन्हाळ्यात मार्कर स्कूटरच्या डिकीत सोडू नका. उष्णतेने आतला दाब वाढतो आणि टोपण काढताच शाईचा थेंब चित्रावर पडतो. दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवायचे. उभे ठेवले की वरचं टोक सुकतं. ॲक्रिलिक मार्कर वापरण्याआधी हलवायचे, नवं टोक रद्दी कागदावर दाबून शाई खाली आणायची. सुकलेल्या स्केच पेनमध्ये मागून पाण्याचे दोन थेंब घालायची मुलांची युक्ती चालते, पण ती फक्त पाण्याच्या शाईला. अल्कोहोल मार्करला पाणी दाखवू नका.

माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनने नकाशे काढायचे. शनिवारी संध्याकाळी सगळे पेन सुटे करून कोमट पाण्यात धुवायचे, पण सर्वांत बारीक पेनमधली केसाएवढी तार ते कधीच बाहेर काढत नसत. ती वाकली की पेन गेलं. आजच्या फाइनलायनरला धुणं नको, एवढीच काय ती सुटका.

चित्र भिंतीवर लावणार असाल तर एक चाचणी घरी करा. प्रत्येक मार्करची एक पट्टी ओढा, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि कागद उन्हाच्या खिडकीत महिनाभर राहू द्या. डायचे रंग कसे विटतात ते डोळ्यांना दिसेल. मूळ चित्र फाइलमध्ये ठेवा आणि भिंतीला त्याची प्रिंट.

पहिल्या खरेदीत एवढंच घ्या: 01 आणि 05 चे दोन पिगमेंट पेन, तीन करडे मार्कर, एक मऊ खोडरबर. उरलेल्या पैशांत जाड, गुळगुळीत कागद घ्या, आणि घेतल्या दिवशीच त्यावर रेघ मारून बघा.