ड्रोनची फवारणी व आकाशांतील हद्द

शेताची हद्द दगडांवरून व नकाशावरून ठरते. आतां आकाशासहि हद्द पडली आहे, हें ड्रोन चालविणाऱ्या शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेविलें पाहिजे.

सन २०१७ मध्यें शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत पिकांवर औषध फवारतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन विषाच्या तुषारांतून चालणें टळावें, हा या यंत्राचा मोठा लाभ होय. इंझोरीसारख्या सोयाबीन, तूर व कपाशीच्या गांवीं त्याचें मोल निराळें सांगावयास नको.

२०२१ च्या ड्रोन नियमांनीं आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन पट्टे केले. सर्वसाधारण हिरव्या पट्ट्यांत ४०० फुटांपर्यंत उडविण्यास पूर्वपरवानगी लागत नाहीं. पिवळ्यांत हवाई वाहतूक नियंत्रकाची व तांबड्यांत केंद्र सरकारची परवानगी लागते. पट्टे बदलूं शकतात. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वीं ‘डिजिटल स्काय’वरील नकाशा पाहणें चालकावर बंधनकारक आहे.

संशोधनार्थ चाचणी करणाऱ्या मान्य संस्थांस व कारखानदारांस हिरव्या पट्ट्यांत, स्वतःच्या ताब्यांतील मोकळ्या जागेंत, नोंदणी व चालकाच्या प्रमाणपत्राची माफी आहे. ती माफी भाड्याच्या फवारणीस लागू नाहीं. तेथें यंत्राचा नोंदणी क्रमांक, चालकाचें प्रमाणपत्र व त्रयस्थाचा विमा, तिन्ही पाहिजेत. नियमभंगास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

यास्तव ड्रोन भाड्यानें आणतांना प्रथम हे कागद पाहावे, मगच दर ठरवावा. शेजाऱ्यांस आदल्या दिवशीं कळवावें. विहीर, गुरें व मधमाशांच्या पेट्या सांभाळाव्या, आणि वारा सुटला असतां फवारणी थांबवावी.