अर्धा मोती : घेण्याआधी उलटा करून पाहा

लग्नाचा हंगाम आला की पाचोऱ्याहून जळगावला जाणाऱ्या गाडीत निम्मी गर्दी सराफ बाजाराची असते, असं आम्ही गमतीनं म्हणतो. पण सोन्याचा भाव ऐकला की गंमत संपते. दुल्हनसाठी सेट करायचा, सोनं थोडंच घ्यायचं आणि तो चारचौघींत उठून तर दिसला पाहिजे. अशा वेळी सराफ हमखास एक डबी उघडतो. आत टपोरे, चकचकीत मोती बसवलेले टॉप्स आणि पेंडंट. एवढ्या आकाराचा गोल मोती घ्यायचा म्हटलं तर खिसा रिकामा होईल आणि हा मात्र परवडतो. असं कसं?

उत्तर मोत्याच्या पाठीवर आहे. हा मोती गोल नसतोच. वरून घुमटासारखा फुगीर, मागून सपाट. दागिन्याच्या व्यापारात याला 'माबे' म्हणतात. हे जपानी नाव आहे, ज्या शिंपल्यात असे मोती चांगले तयार होतात त्याचं. मराठीत आपण त्याला सरळ अर्धा मोती म्हणू.

मोती कसा होतो याबद्दल आपल्याकडे दोन सुंदर समजुती आहेत. मराठीच्या तासाला स्वाती नक्षत्राचा थेंब येतो आणि उर्दूच्या तासाला अब्र-ए-नैसां. दोन्हीकडे गोष्ट एकच : पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो. कवितेत ते शोभतं, पण शिंपल्यात काही वेगळंच घडतं. शिंपल्यातल्या मऊ जिवाभोवती एक पातळ पडदा असतो. शिंपल्याची आतली चकचकीत बाजू हा पडदाच तयार करतो. बाहेरचं काही आत अडकलं आणि निघेना, की त्यावरही तो त्याच चकाकीचे थर चढवत राहतो. हे थर चुन्याच्याच जातीचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. नैसर्गिक खडूही त्याचाच, पण मोत्यात त्याच्या अतिसूक्ष्म चकत्या एकावर एक बसतात आणि प्रकाश त्यांच्यात खेळतो. त्यालाच आपण मोत्याचं पाणी म्हणतो, उर्दूत आब.

अर्धा मोती करताना माणूस या सवयीचा फायदा घेतो. शिंपला हलक्या हातानं थोडा उघडायचा, पडदा बाजूला सारायचा आणि आतल्या भिंतीला अर्धगोल साचा चिकटवायचा. पडदा त्यावर थर चढवू लागतो. साचा भिंतीला चिकटलेला असल्यामुळे मागून थर चढू शकत नाहीत, म्हणून पाठ सपाट. पुरेसे थर चढले की शिंपल्यातून तेवढा घुमट कापून काढतात. आतला साचा काढून पोकळीत राळेसारखा पदार्थ भरतात आणि मागे शिंपल्याचीच एक चकती चिकटवतात. म्हणजे आपण मोती म्हणून घेतो त्यात खरा मोती म्हणजे वरचं कवच. तो नकली नाही. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्याशी त्याची तुलना करणं अन्याय होईल. पण तो अखंडही नाही, आणि किमतीतला फरक तिथून येतो.

ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये कित्येक शतकांपूर्वी शिशाच्या चपट्या मूर्ती गोड्या पाण्याच्या शिंपल्यांत सरकवत आणि त्यांवर मोत्याचा थर चढला की काढून विकत. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि ११ जुलै १८९३ रोजी त्यांच्या शिंपल्यात मोती सापडला. तो गोल नव्हता, अर्धाच होता! १८९६ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. गोल मोत्याचं तंत्र पुढच्या शतकात जमलं. त्या अर्ध्या मोत्यानं सुरू झालेल्या धंद्यानं पुढे अरबांच्या मोत्याचा बाजार बसवला.

त्या बाजाराशी आपल्या मुंबईचं जवळचं नातं होतं. बहरीन, कुवेत, दुबईच्या समुद्रातून निघालेले मोती मुंबईला येत. इथे ते निवडले जात, त्यांना भोकं पाडली जात आणि पुढे ते पॅरिसला जात. आपल्या आज्या ज्याला 'बसऱ्याचा मोती' म्हणत, तो हाच. जेद्दाहचे मोहम्मद अली झैनल अलीरझा हे या व्यापारातलं मोठं नाव. त्यांनी १९०५ मध्ये जेद्दाहला 'मदरसतुल फलाह' सुरू केली, नंतर मक्केतही, आणि मुंबईतल्या मोत्यांच्या व्यापारातून आलेला पैसा या शाळांना लावला. मास्तरकी करणाऱ्या आम्हाला या गोष्टीचं अप्रूप हिऱ्यामोत्यांपेक्षा जास्त आहे. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास मदिनेच्या रौज्यासाठी बसऱ्याच्या बारीक मोत्यांची चादर बनवून घेतली होती. त्यात दहा लाखांहून जास्त मोती आहेत. १८७० मध्ये महाराज वारले आणि ती बडोद्यातच राहिली. २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात ती विकली गेली. १९३० च्या दशकात जगभर मंदी आली, त्यात जपानचे संवर्धित मोती स्वस्तात मिळू लागले आणि आखातातले पाणबुडे व त्यांचे मालक एकाच वेळी उघडे पडले.

भारतानंही हे तंत्र शिकून घेतलं. तुतिकोरिनला १९७३ मध्ये के. अलगरस्वामी यांच्या हातून देशातला पहिला संवर्धित गोल मोती तयार झाला. गोड्या पाण्याचं काम भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय मत्स्यसंवर्धन संस्थेनं केलं. तिथे 'लॅमेलिडेन्स' जातीच्या शिंपल्यात अर्धगोल आणि नक्षीचे मोती करतात. हा शिंपला देशभरातल्या तळ्यांत आणि नद्यांत आढळतो. साचा बसवल्यावर शिंपले सुमारे १० दिवस निगराणीखाली ठेवतात. मग नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत, एका पिशवीत दोन, असे तळ्यात टांगतात आणि वर्ष-दीड वर्ष थांबतात.

ज्या आकाराचा साचा, त्या आकाराचा मोती. पान, फूल, चांद-तारा, अक्षर, काहीही उमटतं. हे समजून घेणं गरजेचं आहे. 'शिंपल्यातून आपोआप पवित्र नाव निघालं' असा फोटो कधी मोबाईलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी साच्याची आठवण ठेवा. ईमान कारागिरीच्या फोटोवर टेकलेलं नसतं.

शेततळ्यात मोत्याची शेती करा, अशा जाहिराती आता खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत. शेती खोटी नाही. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही मोतीपालनाला जागा आहे. पण 'शिंपले आमच्याकडून घ्या, मोती आम्हीच विकत घेऊ' असं कोणी म्हणालं आणि आधी मोठी रक्कम मागितली, तर थांबा. शस्त्रक्रियेत आणि नंतरही शिंपले मरतात. जे जगतात त्यांतले सगळे मोती चांगले निघत नाहीत. बिनपाण्याचा, डागाळलेला मोती कोणी घेत नाही. शिवाय आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांला टेकतो आणि तळी आटतात. शिंपल्याला वर्षभर पाणी लागतं. विकत घेण्याचा शब्द तोंडी असेल तर त्याला तोंडच्या वाफेइतकीच किंमत. लेखी करार हवा, त्यात मोत्याचा दर्जा आणि भाव लिहिलेला हवा, आणि आधी भुवनेश्वरच्या संस्थेत किंवा जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात विचारून यावं. कापसाच्या पैशातून हा प्रयोग करणाऱ्यानं तर नक्कीच.

आता खरेदी. अर्ध्या मोत्याची खरी शोभा कानात आणि गळ्यात. सपाट पाठीमुळे तो अंगाला चिकटून बसतो, गोल मोत्यासारखा फिरत नाही. आकार मोठा असूनही वजन जाणवत नाही. सोन्याचं कोंदण त्याची कडा झाकतं, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला तो अर्धा आहे हे कळतही नाही. अंगठीसाठी मात्र आमचं मत विरुद्ध आहे. कवच पातळ आणि आत भराव, हात आपटला की तडा जातो.

दुकानात दागिना उलटा करून पाहा. पाठ बंद असेल तर कडेनं पाहा, घुमट आणि चकती यांचा जोड दिसतो का. जोड असणं दोष नाही, जोड सुटलेला असणं दोष आहे. मोती उन्हात धरा. चांगल्या मोत्यात आपल्या चेहऱ्याची अंधुक सावली दिसते, हलक्यात पांढुरकं दूध दिसतं. सराफाला सरळ विचारा, 'भाऊ, हा अखंड आहे की माबे?' आणि जे उत्तर येईल ते बिलावर लिहून घ्या. सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं हवं. मोती, भराव आणि चकती सोन्याच्या भावात तोलली गेली तर स्वस्त मोती भलताच महाग पडतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी क्रमांक सक्तीचा आहे, तोही पाहून घ्या.

हे निव्वळ वजन जकातीसाठीही कामाचं. वापरातल्या मोत्यांवर जकात नाही, मग तो अर्धा असो की बसऱ्याचा. विक्रीसाठी ठेवलेल्या मालाची गोष्ट निराळी, त्यावर आहे. पण त्याच दागिन्यातलं सोनं, आपल्याकडे बहुतेक घरं ज्या हनफी मसलकावर चालतात त्यानुसार, वापरात असलं तरी हिशेबात येतं. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, चांदीचा साडेबावन्न तोळे. थोडं सोनं, थोडी चांदी, थोडी रोकड असा मिसळ हिशेब असेल तर मौलाना साहेबांना विचारा. विचारायला जाताना हातात बिल हवं, अंदाज नको.

वापरताना एवढं सांभाळा. अत्तर आणि पावडर आधी, मोती सगळ्यांत शेवटी. वुजूच्या वेळी मोत्याची अंगठी काढून ठेवा. दिवसातून पाच वेळा पाणी मुरलं की मागचा जोड ढिला पडतो. धुणं-भांडी, साबण, गरम पाणी यांपासून तो दूर बरा. सराफाकडे दागिना उजळायला दिलात तर त्यात माबे आहे हे आधी सांगा, नाहीतर तो बाकीच्या सोन्याबरोबर उकळत्या पाण्यात किंवा मशिनमध्ये जाईल. आणि मेंदीच्या रात्री रंग चढावा म्हणून हातावर लिंबू-साखर लावतात, तेव्हा बोटात मोती ठेवू नका. लिंबाचं आम्ल चुना खातं. शाळेत चुनखडीवर लिंबू पिळून आम्ही मुलांना तो फेस दाखवतो. नवऱ्या मुलीच्या अंगठीवर हा प्रयोग व्हायला नको, म्हणून मेंदी लावायच्या आधी तिचे दागिने मऊ सुती कापडात गुंडाळून अम्मीच्या पेटीत ठेवून द्या.