कुकर लावता येणारा मुलगा

भाच्याला कुसगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्या घराने मिळून त्याचे सामान बांधले. लॅपटॉप, गादी, रेनकोट, दोन छत्र्या, आपाने शिवलेली गोधडी, लोणच्याची बरणी. जवळच औंढ्यात तीन मित्रांसोबत भाड्याचा फ्लॅट मिळाला होता. ओटा, शेगडी, गॅस, सगळी सोय होती. फक्त त्या ओट्यापाशी उभे राहून काय करायचे, हे चौघांपैकी एकालाही येत नव्हते.

जेवणाचा डबा लावला होता. पण लोणावळ्याचा पाऊस सुरू झाला आणि डबा कधी उशिरा, कधी येईचना. मग सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री पाकिटातल्या नूडल्स. हॉटेलातल्या मटणाच्या हलालपणाची खात्री नसल्याने तेही बंद. फोनवर विचारले की उत्तर ठरलेले, "जेवलो ना, अम्मी."

नोव्हेंबरात परीक्षेच्या तोंडावर तो जिन्यात चक्कर येऊन पडला. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 10. पुरुषाचे 13 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "जेवतोस काय?" त्या वर्षी त्याचे दोन पेपर बुडाले.

आपा आम्हाला म्हणाली, "मुलीला मी दहाव्या वर्षी चपात्या लाटायला बसवले. याला मात्र पाण्याचा ग्लासही हातात दिला." आम्ही दोघे शाळेत शिकवतो, तरी हा धडा आमच्याही ध्यानात आला नव्हता. रक्तक्षय हा बायकांचाच आजार, असे आपण समजतो. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के, तर पुरुषांपैकीही 25 टक्के रक्तक्षयाचे आढळले. म्हणजे चार पुरुषांत एक.

मग आम्ही सलग चार रविवार औंढ्याला गेलो. तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, सुरी आणि मसाल्याचा डबा, एवढेच नेले. एक मित्र शाकाहारी, म्हणून अंडी-मटणासाठी कढई वेगळी ठेवली. त्या चार रविवारी जे शिकवले, ते इथे देत आहोत. प्रमाण दोघांचे आहे.

पहिला रविवार : खिचडी
एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर डाळ. मसूर भिजवावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. जिरे, लसूण, कांदा तेलात परतावा, हळद-मीठ आणि मूठभर गाजर, मटार किंवा पालक घालावा. चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्यावी, घाईने झाकण ओढू नये. तांदूळ मावळचाच इंद्रायणी घ्यावा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा वाण मऊ आणि चिकट शिजतो, त्यामुळे खिचडीला फारच चांगला. सोबत दही असले की जेवण पूर्ण.

दुसरा रविवार : खागीना
दोन कांदे, एक टोमॅटो, हिरवी मिरची परतून वर चार अंडी फोडावीत आणि हलवत राहावे. दहा मिनिटांत होते. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. चपाती येत नसेल तर पावाबरोबर खावे, पण सकाळी उपाशी वर्गात जाऊ नये.

तिसरा रविवार : मटकी
सकाळी भिजवलेली मटकी रात्री ओल्या फडक्यात बांधावी. घाटावरच्या थंडी-पावसात मोड यायला एखादा दिवस जास्त लागतो. शाकाहारी मित्रालाही ही चालते. फोडणीत परतून, थोडे पाणी घालून झाकण ठेवावे. उतरवल्यावर लिंबू पिळावे, कारण लिंबामुळे कडधान्यातले लोह अंगी लागते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा ते लागू देत नाही. जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवावे.

चौथा रविवार : पालक-कीमा
ओळखीच्या हलाल दुकानातून पाव किलो कीमा आणावा. कांदा, आले-लसूण, हळद, तिखट घालून परतावा, अर्धी वाटी पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या द्याव्यात. मग चिरलेला पालक घालून पाच मिनिटे शिजवावा. फ्रीज नसेल तर कीमा आणला त्याच दिवशी शिजवून संपवावा.

काही नियम आम्ही कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवले. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, शिळा भात पोट बिघडवतो. पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावे. झोपताना रेग्युलेटर बंद करावा. राजमा रात्रभर भिजवून पूर्ण शिजवावा, कच्चा राहिला तर उलट्या होतात. आणि नूडल्स रोज नकोत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या 17 आहारसूत्रांनुसार दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. त्यातला मोठा वाटा नूडल्सचे एकच पाकीट खाऊन टाकते.

चौघांनी कामेही वाटून घेतली. एकाने बाजार, एकाने चिरणे, एकाने शिजवणे, एकाने भांडी. दर आठवड्याला पाळी बदलते.

पुढच्या रमजानमध्ये सहरीच्या वेळी भाच्याचा फोन आला. "मामू, खिचडी रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवली होती, आता नीट गरम केली. दही आहे, दोन खजूर आहेत. मुमानींना सांगा, कीमा इफ्तारला करणार." फ्रीज त्यांनी पैसे जमवून जुना घेतला होता. बुडालेले दोन्ही पेपर तो पुढच्या सत्रात पास झाला. रक्तही आता 13 च्या वर आहे, अलहम्दुलिल्लाह.

आपल्या घरांत मुलाने ओट्याला हात लावला की कुणीतरी हसते. नबी करीम (स.) स्वतः घरकामात हातभार लावत, हे आपण मुलांना सांगतो, पण सुरी मात्र मुलीच्याच हातात देतो. दहावी-बारावीची सुट्टी लांबलचक असते. दर रविवारी एक पदार्थ मुलाला त्याच्या हाताने करू द्या. मीठ जास्त पडेल, भात लागेल, कुकरची रिंग बसणार नाही. ते आपल्या घरी, आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्या. परक्या गावी, पावसात, परीक्षेच्या आदल्या रात्री शिकायची वेळ त्याच्यावर येऊ नये.