२२७ एकर आणि एक आखूड धावपट्टी

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला, समुद्राला लागून असलेलं सांता मोनिका हे शहर जेमतेम ८.४ चौरस मैलांचं, म्हणजे साधारण ५,४०० एकरांचं. २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती ९३,०७६. या शहराचे २२७ एकर, म्हणजे सव्वाचार टक्के जमीन, एका छोट्या विमानतळाने अडवली आहे. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स जवळपास एवढंच. मोठ्या विमान कंपन्या इथे येत नाहीत. उडतात ती खासगी विमानं, शिकाऊ वैमानिकांची विमानं आणि थोडी जेट.

एवढ्या जागेचं चीज होतं का? विमानतळाला झुकतं माप देऊन हिशेब करू. रोज ३०० वेळा विमान उतरतं किंवा उडतं आणि दर खेपेला आत तीन माणसं असतात, असं धरलं, तर वर्षाला ३,२८,५०० माणसं झाली. एकरी सुमारे १,४५०. जवळच लॉस एंजेलिसचा मुख्य विमानतळ आहे, सुमारे ३,५०० एकरांचा. २०१९ मध्ये तिथून ८ कोटी ८० लाख प्रवाशांनी ये-जा केली. एकरी २५ हजारांवर. सतरा पटींचा फरक, तोही सढळ हाताने मोजून.

वैमानिक म्हणतील, डोकी मोजणं अन्यायाचं आहे. खरंय. लहान विमानं इथे उतरतात म्हणून मोठ्या विमानतळावर गर्दी करत नाहीत. वैमानिकही कुठेतरी शिकायलाच हवेत. शिवाय १७ डिसेंबर १९३५ रोजी डग्लस कंपनीचं डीसी-३ पहिल्यांदा झेपावलं ते इथूनच. आसपासची बरीच घरं डग्लसच्या कामगारांसाठीच उभी राहिली. विमानतळ आधी, शेजार नंतर, हेही विसरून चालत नाही. पण याच महानगरातला हॉथॉर्नचा विमानतळ पाहा: असाच छोट्या विमानांचा, धावपट्टी जवळपास ५,००० फुटांची आणि जागा फक्त ८० एकर. सांता मोनिकाची धावपट्टी मात्र शहर आणि केंद्रीय विमान वाहतूक खात्यातल्या समझोत्यानंतर २०१७ च्या अखेरीस ४,९७३ फुटांवरून ३,५०० फुटांवर आणली गेली. जेट कमी व्हावीत, हाच हेतू. धावपट्टी आखडली, जमीन तेवढीच राहिली.

आता दुसरी बाजू. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ ते २०२९ या काळासाठी सांता मोनिकाला ८,८९५ घरांचं उद्दिष्ट दिलं आहे. २२७ पैकी निम्मी जागा बागा, रस्ते, शाळांना सोडून उरलेल्या ११३ एकरांवर एकरी ८० घरं बांधली, तर ९,०४० होतात. चार-पाच मजली इमारतींत हे सहज बसतं. अख्खं उद्दिष्ट एकाच भूखंडावर!

माझ्या मते इथला निकाल स्पष्ट आहे: दाट वस्ती, जवळ पर्यायी धावपट्ट्या आणि घरांची चणचण असताना ही जमीन विमानांसाठी ठेवणं पटत नाही. जिथे पुढचा विमानतळ शंभर मैलांवर आहे आणि रुग्ण हलवायला, वणवा विझवायला तीच एक धावपट्टी आहे, अशा अमेरिकी गावांत हाच हिशेब उलटतो. आपल्या जुहूलाही तो जसाच्या तसा लावू नये. समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारी हेलिकॉप्टरं तिथून उडतात. (अर्थात हेलिकॉप्टरला लांब धावपट्टी लागत नाही, हेही आहेच.)

मात्र विमानतळ हटला की घरं आलीच, असं सांता मोनिकात होणार नाही. २०१४ मध्ये तिथल्या मतदारांनी कौल दिला की, विमानतळ बंद झाल्यास त्या जागी बागा, मोकळी मैदानं आणि सार्वजनिक करमणुकीच्या सोयीच होतील. समझोत्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०२८ नंतर शहर विमानतळाला कुलूप लावू शकतं. तिथे एक जरी इमारत घरांसाठी बांधायची, तर पुन्हा मतदारांकडेच जावं लागेल.