अ‍ॅडम्स: शंभरी पार केलेली ड्राय फ्लाय

ट्राउट मासा पकडायच्या गळाला लावायची खोटी माशी म्हणजे फ्लाय, आणि पाण्यावर तरंगते ती ड्राय फ्लाय. त्यातली माझी लाडकी अ‍ॅडम्स. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९२२ साली लेन हॅलडे यांनी ती बांधली आणि बोर्डमन नदीवर मित्र चार्ल्स अ‍ॅडम्स यांना वापरायला दिली. नाव त्या मित्राचंच!

अंगाला मस्करॅट या प्राण्याची करडी लव, पंखांना पट्टेदार कोंबड्याच्या पिसांची टोकं. खरी करामत मानेपाशी: एक तपकिरी आणि एक काळं-पांढरं पट्टेदार पीस एकत्र गुंडाळायचं. त्यांचे ताठ तंतू चहूकडे फिसकारतात आणि फ्लाय तरंगत राहते. गळाच्या डोळ्याजवळ, म्हणजे दोर ओवायच्या भोकाजवळ, मात्र जागा सोडा, नाहीतर शेवटची गाठ बसतच नाही. अ‍ॅडम्स कुठल्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, म्हणून ती बऱ्याच ठिकाणी चालते.

फेकताना प्रवाहाच्या वरच्या दिशेला फेका. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून असतो, तुम्ही त्याच्या पाठीमागे राहता. दोर ताणला गेला, की फ्लायमागे पाण्यावर रेघ उमटते. मग मुरलेला ट्राउट ढुंकूनही बघत नाही. दोर थोडा सैलच पडू द्या. फ्लाय भिजली तर हवेत दोन-तीन झटके द्या, लगेच वाळते.